मदत हवी आहे: प्लास्टर निघालं, पण बॅकहँड बसत नाही

बॅकहँडवाला: प्लास्टर काढून तीन आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले हाड जुळलंय, हळूहळू खेळा. काल रॅकेट धरली, तर बॅकहँडला हात अर्ध्यातच अडकतो. महिन्याभरात बॅडमिंटनची दुहेरी स्पर्धा आहे, जोडीदाराला शब्द दिलाय. लवकर मोकळा होईल असा व्यायाम सांगा.

मोकळाहात: मोडलं काय ते तर लिहा! मनगट, कोपर, खांदा? आत धातूची पट्टी बसवलीय का? वय?

बॅकहँडवाला: उजवं मनगट. पडताना तळहात टेकला. ऑपरेशन नाही, सहा आठवडे प्लास्टर. वय ३४. आता व्यायाम सांगा.

जुनाखेळाडू: माझा कोपर मोडला होता. रोज तेल लावून दुसऱ्याकडून जोरात ओढून घ्यायचो. पंधरा दिवसांत सरळ. हेच करा.

मोकळाहात: अजिबात नको. कोपर असा जबरदस्तीने ओढला तर स्नायूत हाड तयार होऊ शकतं, मग तो आणखीच आखडतो. तुमचं निभावलं, सगळ्यांचं निभेल असं नाही.

जुनाखेळाडू: मी स्वतः अनुभवलेलं सांगतोय. आजही सर्व्हिस करतो.

शटलप्रेमी: रॅकेटची तार सैल करून घ्या. मी २६ पाउंडांवरून २४ वर आलो, हाताला खूप आराम.

संथगती: तार नंतर बघू. बॅकहँडला तळहात वरच्या बाजूला वळावा लागतो, आणि ते वळण मनगटात नसतं. कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी एक दुसऱ्यावरून फिरतं. कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात ठेवा, मुठीत हातोडी धरा आणि ती सावकाश दोन्हीकडे कलू द्या. आधी लोखंडाजवळ धरा, सवय झाली की दांड्याच्या टोकाकडे सरका. डाव्या हाताइतकी पकड येईपर्यंत स्मॅश नको.
एक विचारायचंय. अंगठा ताणल्यावर त्याच्या बुडाशी खळगा पडतो, तिथे दाबून दुखतं का?

बॅकहँडवाला: हो, चांगलंच. पहिल्या दिवसापासून. प्लास्टरमुळे असेल म्हणून बोललो नाही.

संथगती: मग हातोडी राहू द्या. तिथे स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, आणि रक्तपुरवठा तोकडा म्हणून ते जुळतंही उशिरा. तळहातावर पडल्यावर हे हमखास तपासायचं. डॉक्टरांना नेमकी जागा दाबून दाखवा.

जुनाखेळाडू: हे असेल तर ओढू नका. माझं म्हणणं मागे घेतो.

बॅकहँडवाला: उद्या सकाळीच जातो. जोडीदाराला आत्ता फोन करतो.