नळी निघाली म्हणजे छाती साफ झाली असं नाही

लोकलमधून पडून डाव्या फासळ्या मोडल्या, रक्त-हवा बाहेर काढायला छातीत घातलेली नळी काढून घरी सोडलं, मग तीन आठवड्यांनी ताप आणि धाप कशामुळे, असा एकाचा प्रश्न आहे. पहिला संशय आत राहिलेल्या रक्ताचा. गोठलेलं रक्त नळीतून येत नाही. त्यात जंतू वाढले तर पू होतो. नाही वाढले तरी हळूहळू फुप्फुसावर जाड साल धरते आणि ते फुलत नाही. एक्स-रेत नुसता पांढरा भाग दिसतो. ते पाणी, पू की दबलेलं फुप्फुस, हे सोनोग्राफी आणि सीटीवर कळतं. दुर्बिणीने साफ करणं पहिल्या आठवड्यात सोपं, उशीर झाला की बऱ्याचदा छाती उघडून साल सोलावी लागते.

डाव्या माराच्या पेशंटमध्ये श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) फाटलेलं सुरुवातीला निसटू शकतं, विशेषतः व्हेंटिलेटर असेल तर, कारण आतला दाब पोटातले अवयव खालीच ठेवतो. महिन्यांनी, कधी वर्षांनी जठर वर सरकतं: जेवल्यावर छातीत दुखणं, उलट्या. एक्स-रेत तो हवेचा फुगा न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साचलेली हवा) समजून घाईत नळी घातली तर ती थेट जठरात! शंका असेल तर आधी राइल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) घालून एक्स-रे काढतात. तिचं टोक छातीत दिसलं की निदान झालंच.

मुंबईत केईएम किंवा सायन हॉस्पिटलला दाखवायला जाताना डिस्चार्ज कार्डासोबत पहिल्या दिवसाचा सीटीही न्या, तुलना त्याच्याशीच होते. आणि मेडिकलमधला छातीचा पट्टा आवळून बांधू नका. श्वास उथळ होतो, कफ साचतो.