मदत हवी आहे: टर्नटेबलची (रेकॉर्ड प्लेअरची) सुई बदलू की डिजिटल प्लेअर घेऊ?
अँप्लिफायर आणि स्पीकर चांगले आहेत, ते बदलायचे नाहीत. खर्च एकाच बाजूला करता येईल: टर्नटेबलला चांगलं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) आणि वेगळा फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा), किंवा तेवढ्याच पैशांत डिजिटल प्लेअर.

अडचण अशी की एलपी रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं खराब वाजतं. सुरुवात स्वच्छ, पण सुई लेबलजवळ गेली की गायिकेचा 'स' चरचरतो. आतल्या खोबणीत वेग कमी पडतो, त्यामुळे थोडं होणारच. पण हे फारच बोचतं. प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायची पट्टी) लावून कार्ट्रिज जुळवलं, सुईचं रेकॉर्डवरचं वजन कंपनीने सांगितलेलं 2 ग्रॅम ठेवलं, रेकॉर्डही धुतल्या. फरक किंचित. कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचं, सुई गोल टोकाची आणि नवीच आहे.

तेच अल्बम 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झच्या (म्हणजे सीडीच्या दर्जाच्या) फाइलवर, आवाजाची पातळी सारखी ठेवून ऐकले तर शेवटपर्यंत साफ. पण बऱ्याच रेकॉर्ड डिजिटलमध्ये मिळतच नाहीत, म्हणून टर्नटेबल विकायचा सल्ला कृपया नको. ब्लूटूथही नको.

गोल सुईवरून इलिप्टिकल (लंबगोल टोकाच्या) किंवा मायक्रोलाइन (आणखी बारीक टोकाच्या) सुईवर गेलेल्यांनी सांगावं: ही चरचर खरंच किती कमी झाली? की तेच पैसे प्लेअरवर घालणं जास्त फायद्याचं ठरलं असतं?