गावच्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्यावर पुस्तिका काढायची आहे: मूळ गाव आणि सेवेचा तपशील कागदांवरून कसा पक्का करावा?

वाड्यावरचे_मंडळ:

नमस्कार. आमचा गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. गावचे एक निवृत्त पोलीस अधिकारी आता ऐंशीच्या घरात आहेत. साठच्या दशकाच्या अखेरीस शिपाई म्हणून भरती होऊन ते उपअधीक्षक पदावरून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर वाचनालय, कूळ-मुंडकारांचे (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर असलेल्यांचे) अर्ज, ज्येष्ठांची पेन्शनची कामे, सगळीकडे त्यांचा हात आहे. येत्या 19 डिसेंबरला मंडळातर्फे त्यांचा सत्कार आहे आणि त्यानिमित्त 32 पानांची पुस्तिका छापायची आहे. नुसती स्तुती नको, खरी माहिती हवी.

अडचणी अशा. घरचे म्हणतात की घराणे मूळ गोव्यातल्याच साष्टीतले, गावातले काही जण म्हणतात की ते इथलेच गांवकर, म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांपैकी. नेमणुकांची साले प्रत्येक जण वेगळी सांगतो. त्यांना मिळालेल्या पदकाला सगळे ‘राष्ट्रपती पदक’ म्हणतात, ते बरोबर आहे का? आणि त्यांनी केलेल्या तपासांबद्दल किती लिहिलेले चालते? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कागदोपत्री:

मुळाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सत्काराच्या पुस्तिका तिथेच सर्वांत जास्त चुकतात.

‘साष्टीतले की इथले’ ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात. सोळाव्या शतकात साष्टीतली देवळे मोडली गेली तेव्हा देव जुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात आले: कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, रायची कामाक्षी शिरोड्याला. देवांमागून घराणीही आली. त्यामुळे कुलदेवता सांगते ते मूळ गाव एक, गांवकारीचा हक्क असलेला गाव दुसरा आणि आज घर आहे तो तिसरा, अशी स्थिती फोंड्यात नवी नाही. पुस्तिकेत ‘मूळ गाव’ हा एकच शब्द वापरला की वाद होतो. तीन ओळी वेगळ्या लिहा: कुलदेवता व तिचे मूळ स्थान, गांवकारी कुठली, वास्तव्य किती पिढ्यांचे.

आता प्रत्येक ओळीचा पुरावा.

देवस्थानाचे महाजन, म्हणजे कारभारात मत असलेले सदस्य असतील तर त्यांचे नाव महाजनांच्या नोंदवहीत, म्हणजे ‘कातालोग’मध्ये असते. ती वही देवस्थान समितीकडे पाहायला मागा. देवस्थान कायद्याने मामलेदार हा देवालयांचा प्रशासक असतो, त्यामुळे त्याच्या कार्यालयातही चौकशी करता येते. एक सावधगिरी: महाजन आणि कुळावी यांत फरक आहे. कुळावी त्या देवाचे असतात, पण कारभारात त्यांना मत असतेच असे नाही. सरसकट ‘महाजन’ छापू नका.

गांवकारीसाठी कोमुनिदादच्या (गांवकरांच्या संस्थेच्या) एस्क्रिव्हांवकडे, म्हणजे कारकुनाकडे जा. जोण (उत्पन्नातला वाटा) कोणाला मिळते, घराणे कोणत्या वांगडातले (कुळशाखेतले), हे तिथे कळते. नाव तिथे नसेल तर ‘इथले गांवकर’ असे लिहिता येत नाही, मग वास्तव्य तीनशे वर्षांचे का असेना.

पिढ्यांसाठी सर्वांत उपयोगी कागद म्हणजे जन्मनोंदणीचा ‘तेओर’, अर्थात पूर्ण नोंदीची नक्कल. संक्षिप्त दाखला घेऊ नका. मूळ पोर्तुगीज नोंदीत आईवडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावेही येतात, म्हणजे एका कागदात तीन पिढ्या हाती लागतात. अर्ज तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात करायचा, जुनी पुस्तके तिथे नसतील तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात. त्याआधीच्या पिढ्यांसाठी घरात ‘इन्व्हेंतार’ (वाटणीचा दावा) किंवा ‘हबिलितासांव’चे (वारस ठरवण्याचे) जुने कागद आहेत का ते विचारा. वारसांची सगळी नावे आणि नाती त्यांत ओळीने असतात. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) मात्र या कामी फारसा उपयोगी नाही. ती नोंद गोवा मुक्तीनंतरच्या मोजणीची आहे, त्यामुळे सत्तरच्या दशकापलीकडे ती जात नाही.

शोधताना नाव सापडत नाही, याचे कारण बहुधा स्पेलिंग असते. पोर्तुगीज कारकून ‘श’साठी एक्स लिहीत आणि ‘क’साठी कधी सी, कधी क्यू-यू. नाईक शोधायचा तर शेवट क्यू-यू-ईने होतो. प्रभूचे ‘पोरोबो’, कामतांचे ‘कामोतीं’, शेणवींचे ‘सिनाय’ झालेले असते आणि देसाईत दोन एस असतात. शिवाय एकाच घरात भावाभावांची आडनावे वेगळी नोंदलेली सापडतात. तेव्हा आडनावावर न जाता बापाचे नाव, गाव आणि साल या तिन्हींचा मेळ बसतो का ते पाहा.

आणखी एक. फोंडा पोर्तुगिजांकडे आला तो 1763 मध्ये. त्याआधीचे फोंड्याचे पोर्तुगीज गावदप्तर मिळणार नाही, त्यामुळे ‘चारशे वर्षांपासून या गावात’ असे वाक्य लिहिण्याआधी दहादा विचार करा.

मध्यवर्ती_वाचक:

सेवेच्या तारखांबद्दल.

पहिला कागद पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन आदेश. तो त्यांच्या घरीच असणार. जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख, निवृत्तीची तारीख आणि शेवटचे पद एकाच ठिकाणी मिळते. पडताळ्याची सोपी खूण: सरकारी नोकर जन्ममहिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, पण जन्म 1 तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. हे जुळत नसेल तर तुमच्याकडची कुठली तरी तारीख चुकलेली आहे.

मधल्या नेमणुकांसाठी सेवापुस्तिका लागते. तुम्ही मंडळातर्फे माहिती अधिकारात ती मागितलीत तर नकार येईल, कारण दुसऱ्याचे सेवाविषयक कागद वैयक्तिक माहितीत धरले जातात. त्यांनी स्वतः सहीचा अर्ज करून नक्कल मागावी, कामाला तोच मार्ग सरळ.

उपअधीक्षक झाल्यानंतरच्या बढत्या-बदल्या सरकारी राजपत्राच्या दुसऱ्या मालिकेत पाहा. शासकीय मुद्रणालयाच्या संकेतस्थळावर जुने अंक आहेत. शिपाई ते उपनिरीक्षक या काळातल्या बदल्या राजपत्रात शोधत बसू नका. त्या मुख्यालयाच्या आदेशाने होतात. तो काळ भरून काढायला वर्तमानपत्रे: गोमन्तक 1962 पासून, नवप्रभा 1970 पासून. पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जुन्या फायली आहेत. महिना नक्की माहीत नसताना फायली उघडल्या तर आठवडा जातो, म्हणून आधी घटना ठरवा, मग महिना, मग फाईल.

त्या काळाबद्दल तीन ठिकाणी लोक चुकतात.

नेमणुकांत दमण किंवा दीव आले तर ती चूक समजू नका. 30 मे 1987 ला गोवा राज्य होईपर्यंत गोवा, दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता आणि पोलीस दलही एकच. त्याआधीच्या पदापुढे ‘गोवा राज्य पोलीस’ असे लिहू नका.

सत्तरच्या दशकातल्या खटल्यांसाठी ‘उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ’ लिहू नका. पणजीचे खंडपीठ 1982 चे, त्याआधी इथे ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय होते.

तालुके बदलले आहेत. धारबांदोडा 2011 चा आहे. जुन्या कागदात कुळें सांगे तालुक्यात दिसेल, आणि त्या वर्षांबद्दल लिहिताना तेच बरोबर.

पदकाचे म्हणाल तर ‘राष्ट्रपती पदक’ हा शब्द दोन वेगळ्या सन्मानांना सर्रास लावतात. त्यांच्या सेवाकाळात विशिष्ट सेवेसाठीचे ‘राष्ट्रपतींचे पोलीस पदक’ वेगळे होते आणि प्रशंसनीय सेवेसाठीचे ‘पोलीस पदक’ वेगळे. दोन्ही 26 जानेवारी किंवा 15 ऑगस्टला जाहीर होत, म्हणून घोळ होतो. घरातल्या सनदेवर काय छापले आहे ते शब्दशः उतरवा. जाहीर झालेले वर्ष आणि प्रत्यक्ष प्रदान झालेले वर्ष सहसा वेगळे असते, तेव्हा दोन्ही लिहा. वरिष्ठांनी दिलेली प्रशस्तिपत्रे आणि रोख बक्षिसे ‘पदके’ या मथळ्याखाली टाकू नका. त्यांची मोलाची जागा वेगळी आहे. एखाद्या शिपायाला चांगल्या तपासाबद्दल मिळालेले शंभर रुपयांचे बक्षीसही सेवापुस्तिकेत नोंदले जाते, आणि माणूस कसा घडला ते त्यातून जास्त कळते.

वाड्यावरचे_मंडळ:

दोघांचेही मनापासून आभार. लगेच एक पेच: पीपीओवर जन्मतारीख 1 जून आहे. घरात सापडलेल्या पोर्तुगीज दाखल्यावर ती नोव्हेंबरची आहे, सालही एक वर्ष मागचे. कुठली छापावी?

कागदोपत्री:

1 जून ही शाळेची तारीख. मुलाला शाळेत घालताना मास्तर वयाच्या अंदाजाने ती लिहीत, आणि सेवापुस्तिकेत शाळेच्या दाखल्यावरचीच तारीख चढे. दोन्ही कागद आपापल्या जागी अस्सल आहेत. नोकरी आणि निवृत्ती शाळेच्या तारखेवर झाली, त्यामुळे सेवेच्या प्रकरणात तिचाच हिशेब धरा.

पुस्तिकेत मात्र दोन्हींपैकी कुठलीच पूर्ण तारीख छापू नका. वयोवृद्ध निवृत्तिवेतनधारकाची जन्मतारीख, पूर्ण नाव आणि बँकेची शाखा एकत्र छापून आली की फसवणुकीचे फोन सुरू होतात. ‘चाळीसच्या दशकात जन्म’ एवढे पुरे. पीपीओचा फोटोही नको.

कलम_आणि_कायदा:

तपासांबद्दल लिहिताना नियम कडक ठेवा.

लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख पटेल असे काहीही छापणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. नाव वगळले म्हणजे झाले असे नाही. लहान गावात ‘अमुक वाड्यावरची, तमुक साली’ एवढ्यावरूनही ओळख पटते. मुलांच्या बाबतीत पोक्सो (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा) आणि बालन्याय कायदा दोन्ही लागू होतात, आणि मूल आरोपी असले तरी नाव द्यायचे नाही.

आरोपींबाबत निकाल हाती असल्याशिवाय नाव नको. ‘चोराला पकडले’ आणि ‘चोरीच्या संशयावरून अटक केली’ यांत बदनामीच्या दाव्याएवढे अंतर आहे. अटक झाली पण पुढे निर्दोष सुटका झाली, अशा माणसाची मुले-नातवंडे आजही त्याच बाजारात भेटतात. खटला लिहायचाच असेल तर निकालाची प्रमाणित नक्कल मिळवा आणि न्यायालयाने तपासाबद्दल जे म्हटले तेवढेच उद्धृत करा. खबरी, गुप्त वार्ता विभागातले काम, बंदोबस्ताची आखणी यांना हात लावू नका. स्वतः अधिकाऱ्यांनी सांगितले तरी नाही, कारण शासकीय गुपितांच्या कायद्याचे बंधन निवृत्तीने संपत नाही.

यामुळे पुस्तिका रोडावेल असे वाटेल, पण तसे होत नाही. गोव्यातल्या बंदोबस्तांवर मोकळेपणाने लिहिता येते आणि त्यांची साले पक्की आहेत: 1974-75 आणि 1984-85 ची सेंट फ्रान्सिस झेवियरची शव प्रदर्शने, नोव्हेंबर 1983 मधली राष्ट्रकुल प्रमुखांची बैठक, 1985 ते 87 चे भाषा आंदोलन, 2004 पासूनचा इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. त्यांना विचारताना ‘1983 साली कुठे होता’ असे विचारू नका. ‘राष्ट्रकुल बैठकीच्या वेळी ड्युटी कुठल्या नाक्यावर होती, जेवण कुठून यायचे, किती तास उभे राहावे लागले’ असे विचारा. साल आठवत नाही, पण नाका आठवतो.

नावापुढे पदाआधी ‘निवृत्त’ लिहाच. गणवेशातले जुने फोटो बेलाशक छापा, पण सत्काराच्या दिवशी हौसेने गणवेश चढवायला लावू नका.

पानवेल:

निवृत्तीनंतरच्या कामाचे पुरावे विसरू नका, पुस्तिकेचा तो अर्धा भाग आहे. ग्रामसभेत त्यांनी मांडलेले ठराव पंचायत सचिवाकडच्या इतिवृत्तात असतात. 10 रुपये शुल्काच्या माहिती अधिकार अर्जावर 30 दिवसांत नकला मिळतात, तेव्हा ऑक्टोबर संपायच्या आत अर्ज द्या. वाचनालयाचे कार्यकारिणीचे पुस्तक पाहा. ‘शेकडो लोकांना मदत केली’ यापेक्षा ‘अमुक वर्षी ग्रामसभेत तळीच्या कुंपणाचा ठराव, पुढच्या वर्षी काम पूर्ण’ हे वाक्य वजनदार. मुंडकाराच्या अर्जांत मदत केली असेल तर अर्जदाराची संमती घेतल्याशिवाय नाव टाकू नका, समोर भाटकारही गावातलाच असतो.

मुलाखत सकाळी घ्या, एका बैठकीला तासाभरापेक्षा जास्त नको. फोन विमान मोडवर टाकून रेकॉर्ड करा आणि त्याच दिवशी दुसऱ्या जागी प्रत ठेवा. ते कोंकणीत बोलतील तर त्यांचे शब्द कोंकणीतच देवनागरीत ठेवा. मराठी करायला गेलात की त्यांचा आवाज जातो. शेजारी पत्नीला बसवा. कुठल्या साली कुठल्या पोलीस क्वार्टर्समध्ये बिऱ्हाड होते आणि मुलांची शाळा कुठली, हे त्यांनाच बिनचूक आठवते, आणि शाळेच्या दाखल्यावरून बदलीचे साल पक्के होते.

जुने फोटो चौकटीतून काढून 600 डीपीआयवर स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट वरून फोटो घ्या. मधे पिना मारलेल्या पुस्तिकेत पाने चारच्या पटीत लागतात, 32 बरोबर बसतात.

वाड्यावरचे_मंडळ:

सोमवारी तेओरचा अर्ज टाकतो आणि सेवापुस्तिकेच्या अर्जावर त्यांची सही घेतो. सनद आजच पाहिली. तिच्यावर ‘पोलीस पदक, प्रशंसनीय सेवेसाठी’ असे आहे. आमंत्रणपत्रिका छापायला गेली होती, ती थांबवली आहे.