आईचा रक्तगट ओ, बाळाचा ए. कावीळ झपाट्याने वाढतेय. लाइट किती दिवस लागेल?

प्रश्न (बाळाची मावशी, कोल्हापूर):
बहिणीचं बाळ अडीच दिवसांचं आहे, 38 आठवडे पूर्ण, वजन 2.9 किलो. बहीण ओ पॉझिटिव्ह, बाळ ए पॉझिटिव्ह. बिलिरुबिन (कावीळ आणणारं रक्तातलं पिवळं द्रव्य) काल सकाळी डेसिलिटरला 11 मिलीग्रॅम होतं, आज सकाळी 16.8. कूम्ब्स (बाळाच्या तांबड्या पेशींना आईची प्रतिपिंडं चिकटलीत का हे बघणारी तपासणी) वीक पॉझिटिव्ह. डबल लाइटखाली (कावीळ उतरवणाऱ्या निळ्या उजेडाखाली) ठेवलंय. घरातली मोठी माणसं म्हणतात, कावीळ सगळ्याच बाळांना होते, कोवळं ऊन दाखवा, ग्लुकोजचं पाणी पाजा नि घरी आणा. काय करावं?

उत्तर १ (बालरोगतज्ज्ञ):
मावशी, बाळाला घरी आणू नका. आकड्याइतकाच त्याचा वेगही बघायचा असतो. 24 तासांत 5.8 म्हणजे तासाला 0.24. पहिला दिवस उलटल्यावर तासाला 0.2 किंवा जास्त वेगाने वाढ झाली, तर तांबड्या पेशी फुटतायत असं धरून चालतात. आईच्या रक्तातल्या ए-विरोधी प्रतिपिंडांनी हे होतं. ओ-ए जोडीत कूम्ब्स बहुधा वीकच येते, कधी निगेटिव्हही, म्हणून त्यावर विसंबू नका.

लाइट किती दिवस हे आज कुणी सांगू शकणार नाही. बहुतेक बाळांना दोन-चार दिवस पुरतात. सुरुवातीला दर 4 ते 6 तासांनी रक्त तपासतील. लाइट सुरू असताना कपाळावर लावायच्या मीटरचा आकडा फसवा असतो, कारण त्वचेतलं बिलिरुबिन आधी उतरतं. लाइट असूनही आकडा वाढतच राहिला तर आयव्हीआयजी (शिरेतून देतात ती दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं), वजनाच्या किलोमागे 0.5 ते 1 ग्रॅम, दोन तासांत देतात. तेवढ्यानेही थांबलं नाही तर रक्त बदलणं, म्हणजे बाळाचं रक्त थोडंथोडं काढून दात्याचं भरणं.

उत्तर २ (नवजात विभागातली सिस्टर):
उन्हाने हा आकडा आटोक्यात येत नाही. ग्लुकोजच्या पाण्याने तर उलटंच होतं: पोट भरतं, दूध कमी जातं, शी कमी होते आणि आतड्यातलं बिलिरुबिन परत रक्तात शोषलं जातं. दर दोन-अडीच तासांनी अंगावर पाजू द्या. बाळ ओढत नसेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने. पाजताना डोळ्यांवरची पट्टी काढायची, डोळे चिकटलेत का बघायचं. पट्टी नाकावर घसरली तर श्वास अडतो, हे सतत बघा. अंगाला तेल लावू नका. डायपर सोडून सगळं अंग उघडं हवं. लाइटवर दुपटं टाकू नका. हिरवट पातळ शी चालते. पण बाळ सुस्त झालं, दूध सोडलं, चिरक्या आवाजात रडू लागलं किंवा मान-पाठ मागे ताणू लागलं तर त्याच क्षणी हाक मारा.

उत्तर ३ (रक्तपेढी तंत्रज्ञ):
रक्त बदलायची वेळ आलीच तर किलोमागे साधारण 160 मिली रक्त लागतं, म्हणजे तुमच्या बाळाला 460-470 मिली. आईच्या रक्ताशीही जुळवून ओ गटाच्या पेशी घेतात, बाळाच्या ए गटाच्या नव्हेत. ए गटाच्या पेशी आईच्या प्रतिपिंडांनी पुन्हा फुटतील. त्यासाठी बहिणीचा रक्तनमुना लागतो, तो आजच देऊन ठेवा. जी-सिक्स-पीडीचा (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमच्या तपासणीचा) नमुना रक्त चढवण्याआधीच जायला हवा, नंतर दात्याच्या पेशींचा आकडा येतो.

मावशी:
नमुना संध्याकाळी देतो. जी-सिक्स-पीडी पाठवलंय. सुटी मिळाल्यावर काय पाळायचं?

उत्तर १ (बालरोगतज्ज्ञ):
लाइट बंद झाल्यावर 6 ते 12 तासांनी एकदा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बिलिरुबिन करा. या प्रकारात ते उसळी घेतं. प्रतिपिंडं काही आठवडे अंगात राहतात, त्यामुळे कावीळ गेली तरी पेशी हळूहळू फुटतच असतात. दोन आठवड्यांनी आणि पुन्हा चार ते सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन बघा. पाजताना धाप, घाम किंवा फिकटपणा दिसला तर तारखेची वाट बघू नका.

आणि जी-सिक्स-पीडीचा रिपोर्ट येईपर्यंत ट्रंकेतली जुनी मऊ दुपटी वापरू नका. त्यांत डांबरगोळ्या ठेवलेल्या असतात. ते एन्झाइम कमी असेल तर त्यातल्या नॅफ्थलीनने पेशी धडाधड फुटतात. रिपोर्ट नॉर्मल आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्या, कारण पेशी फुटत असताना तो खोटा नॉर्मल येऊ शकतो.