'सासवडचं घर' ग्रुपवर: आजीच्या वर्षश्राद्धावरून

थोरले काका: आईचं वर्षश्राद्ध वैशाखात येतंय. चिंचवडचा हॉल मिळतोय, ताट 250 ला. 150 माणूस धरलंय. कोण किती येणार, आकडा कळवा.

आत्या: दादा, हॉल कशाला रे? घरातल्या घरात करू. आणि तो पैसा वारीतल्या बारशीला, वारकऱ्यांच्या द्वादशीच्या जेवणाला लावू. आईला ते जास्त आवडलं असतं.

थोरले काका: लोक काय म्हणतील?

धाकटी काकी: भाऊजी, जरा मोठं लिहिते. माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला येते ती एकादशीलाच. पुण्यापासून 30 किलोमीटरच्या वर चाल, तीही उपाशीपोटी. सासूबाईंचा वर्षभराचा हिशोब या एका गोष्टीवर असायचा. रात्री भगर, दाण्याची आमटी आणि पाय शेकायला गरम पाणी. दुसऱ्या दिवशी पालखीचा मुक्काम इथेच, म्हणून बारशीचा उपास सोडायला पहाटे तीनला चूल पेटलेली. म्हणायच्या, 'एकादस कुणीबी धरतं, बारस कोण घालतं ते बघावं.'

ताई (दुबई): मी सहा-सात वर्षांची असेन. पाय धुणाऱ्या एका माउलींना विचारलं, तुम्ही कुठले, कोण? पाठीत धपाटा बसला. 'उपाशी मानसाला गाव इचारतीस? आधी तांब्या दे.'

नाशिककर: नुसती गोड नव्हती हां आजी 😄 सातला हरिपाठ म्हणजे सातला. 2011 ची फायनल! सचिन आउट झाला तेव्हा आम्ही सगळे टाळ घेऊन बसलेलो. स्कोअर विचारला तर म्हणाली, 'पांडुरंगाला माहितीये, तू म्हण पुढं.'

आत्या: 😂😂 आणि तिच्या पाटल्या?

थोरले काका: हा मेसेज डिलीट केला आहे.

आत्या: लिही की दादा. सगळ्यांना कळू दे.

थोरले काका: एका वर्षी पाऊस नव्हता, धान्य महाग. आईने पाटल्या मोडल्या. मी महिनाभर बोललो नाही तिच्याशी. 2020 ला तर पायी वारी निघालीच नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. तरी बारशीला हिने भाकऱ्या थापल्याच. मी ओरडलो, खाणार कोण? मागच्या बांधकामावरचे मजूर जेवून गेले. पत्रावळ्या मीच उचलल्या.

नाशिककर: काका 🙏

थोरले काका: हॉलचा ॲडव्हान्स बुडणार. असो. पीठ किती लागतं बारशीला?

धाकटी काकी: कुठं लिहिलेलं नाही. त्यांना लिहिता यायचं नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे कोळशाच्या रेघा आहेत, एक रेघ म्हणजे एक पायली. शेवटच्या वारीच्या 19 आहेत. भाऊजी, रंगारी सोमवारी येतोय ना? त्याला तेवढी भिंत सोडायला सांगा.