नवी वेबसाइट गूगलमध्ये येतच नाहीये, एसईओची सुरुवात नक्की कुठून करायची?

हिरवीकुंडी
नमस्कार मंडळी. घरातल्या कुंडीतल्या झाडांवर माहिती देणारी छोटी वेबसाइट सुरू केलीय, वर्डप्रेसवर (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) आहे, ओळखीतल्या एकाने बनवून दिली. लेख सगळे मी स्वतः लिहिलेत, फोटो पण माझेच. पण गूगलवर साइटचं पूर्ण नाव टाकलं तरी काही येत नाही, मग विषय टाकून कुठून यायचं. त्यात एका एसईओवाल्यांचा (साइट गूगलच्या शोधात वर आणून देणाऱ्यांचा) फोन आला, महिन्याभरात पहिला नंबर गॅरंटीने आणून देतो म्हणाले, शेकडो बॅकलिंक (दुसऱ्या साइट्सवरून माझ्याकडे येणाऱ्या लिंका) देणार आणि सगळ्या पानांत कीवर्ड (लोक शोधताना टाकतात ते शब्द) भरून देणार म्हणे. व्हिडिओ बघायला बसले तर प्रत्येकाचं वेगळंच, कोणी कीवर्ड डेन्सिटी (तो शब्द लेखात किती वेळा येतो ते) मोजायला सांगतं, कोणी डोमेनच (साइटचा पत्ता) बदला म्हणतं, कोणी रोज एक पोस्ट टाकाच म्हणतं. मला कोडिंग येत नाही. आधी काय करू आणि या लोकांना पैसे द्यावेत का?

खालचीओळ
पैसे अजिबात देऊ नका, निदान आत्ता तरी नाही. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच स्पष्ट सांगतं. आणि तुमचा प्रॉब्लेम नंबरचा नाहीचे, पूर्ण नावानेही येत नाही म्हणजे साइट बहुतेक इंडेक्समध्येच नाही.

तीन टप्पे असतात, आधी गूगलचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) पान वाचून जातो (क्रॉल), मग ते पान साठवायचं की नाही ते ठरतं (इंडेक्स), आणि त्यानंतर कोणी काही शोधलं की कुठलं पान वर दाखवायचं ते ठरतं. लोक एसईओ म्हणून जे काही विकतात ते बहुतेक तिसऱ्या टप्प्याचं, आणि तुम्ही अडकलाय पहिल्या दोनात.

तर आज एवढंच करा. सर्च बॉक्समध्ये साइट हा शब्द इंग्रजी अक्षरांत, लगेच कोलन आणि लगेच तुमचं डोमेन, मधे स्पेस नको. एकही पान आलं नाही तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग उघडा, तिथे सगळ्यात खाली 'डिस्करेज सर्च इंजिन्स' असा चेकबॉक्स आहे. साइट बनवताना अर्धवट काम गूगलमध्ये जाऊ नये म्हणून डेव्हलपर लोक तो टिक करतात आणि साइट लाइव्ह करताना काढायचा राहून जातो, फार कॉमन आहे हे. तो टिक असला की प्रत्येक पानावर नोइंडेक्स (हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका अशी खूण) लागतं आणि वर्डप्रेसचा स्वतःचा साइटमॅपसुद्धा (पानांच्या पत्त्यांची यादी) बंद राहतो. टिक असेल तर काढा.

मग गूगल सर्च कन्सोलवर (साइटच्या मालकांसाठीचं गूगलचं साधन) साइट जोडून घ्या, फुकट आहे, मालकी सिद्ध करायला एक छोटा कोड टाकावा लागतो तेवढाच. तिथे साइटमॅप सबमिट करा. वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून साइटमॅप आपोआप तयार होतो, वेगळं काही बनवायचं नाही.

आणि रोबोट्स फाइलला (बॉटने कुठे जायचं नाही ते सांगणारी फाइल) हात लावू नका. नको असलेली पानं लपवायला लोक ती फाइल वापरतात, पण तिने फक्त क्रॉलिंग थांबतं, दुसरीकडून लिंक असेल तर पत्ता तरीही इंडेक्समध्ये येऊ शकतो. उलट तिथे अडवलं की बॉटला पानावरचं नोइंडेक्स वाचताच येत नाही. पान नको असेल तर नोइंडेक्सच लावायचं.

शब्दवेल
वरचं सगळं बरोबर, मी लिखाणाच्या बाजूने सांगते कारण खरा फरक तिथे पडतो आणि ते तुम्हाला कोणाच्या मदतीशिवाय जमण्यासारखं आहे.

कीवर्ड भरणं विसरा. मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमध्ये लपलेली कीवर्डची यादी) गूगल रँकिंगला वापरत नाही हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय, तरी अजून लोक तो भरून द्यायचे पैसे घेतात याचा खरंच राग येतो. डेन्सिटीचाही कुठला ठराविक आकडा नाही. तोच शब्द परत परत कोंबला की वाचणारा वैतागतो आणि गूगलच्या स्पॅम नियमातही ते बसतं.

त्यापेक्षा माणूस काय टाइप करेल ते डोक्यात आणा. 'झाडांची काळजी' एवढ्या मोठ्या शब्दावर जुन्या मोठ्या साइट्स बसल्यात, तिथे नवीन साइट कधी पोचणार. पण ज्याच्या घरातलं झाड मरायला टेकलंय तो 'मनी प्लांटची पानं पिवळी का पडतात' किंवा 'कुंडीतल्या मातीला बुरशी आली काय करू' असंच टाकतो. त्या एका प्रश्नाला एक पान द्या आणि उत्तर पहिल्या दोन-चार वाक्यांत द्या, पाणी जास्त झालं असेल तर माती कशी दिसते, कमी झालं असेल तर पान कसं दिसतं, तुमचा स्वतःचा फोटो शेजारी. नवीन साइटला शिरायला जागा असते ती अशा लांब प्रश्नांतच. सर्च बॉक्समध्ये अर्धं टाइप केलं की खाली जे पर्याय येतात ना, ते बघत जा, लोकांची भाषा तिथे आयती मिळते.

टायटल (गूगलच्या निकालात दिसणारं पानाचं शीर्षक) प्रत्येक पानाचं वेगळं ठेवा आणि मुद्दा सुरुवातीलाच येऊ द्या, मोबाइलवर लांब टायटल कापलं जातं. 'होम' किंवा नुसतं साइटचं नाव असलं टायटल म्हणजे जागा वाया. मेटा डिस्क्रिप्शनने (निकालात टायटलखाली दिसणारं वर्णन) रँकिंग वाढत नाही पण क्लिक करायचं की नाही हे माणूस बरेचदा ते वाचून ठरवतो, म्हणून दोन ओळी मनापासून लिहा. गूगल कधी कधी ती बदलून पानातलाच मजकूर दाखवतं, ते चालायचंच.

अजून एक, लेखांना आपापसात जोडा. पिवळ्या पानांच्या लेखातून पाणी घालण्याच्या लेखाकडे लिंक द्या, आणि लिंकवर 'इथे क्लिक करा' असं न लिहिता 'कुंडीला पाणी किती घालावं' असं लिहा. ज्या पानाकडे साइटवरून एकही लिंक जात नाही ते बॉटलाही सहज सापडत नाही आणि वाचकालाही.

दुवा
बॅकलिंकबद्दल थोडं वेगळं मत मांडतो, कारण 'लिंका विसरा' असं ऐकून लोक दुसऱ्या टोकाला जातात. लिंकला किंमत आहेच. दुसऱ्या पानांनी दिलेली लिंक म्हणजे एक प्रकारचं मत, या कल्पनेवरच १९९८ मध्ये पेजरँक (पानाचं महत्त्व ठरवायची गूगलची पद्धत) उभा राहिला आणि तिथूनच गूगल मोठं झालं. आज शेकडो गोष्टी बघतात पण लिंक त्यातून गेलेली नाही.

मात्र विकतच्या शेकडो लिंका म्हणजे धोका. गूगलने २०१२ मध्ये शोधाच्या पद्धतीत केलेल्या पेंग्विन अपडेटमध्ये असल्या लिंकांवर उभ्या असलेल्या साइट्स धडाधड खाली आल्या. आता बहुतेक वेळा अशा लिंका गूगल मोजतच नाही, म्हणजे पैसे गेले, आणि वाईटात वाईट म्हणजे मॅन्युअल अॅक्शन येते (गूगलच्या माणसाने तपासून केलेली कारवाई), ती काढायला फार त्रास होतो. पैसे देऊन लिंक घेतलीच तर तिला स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो (ही लिंक मत म्हणून मोजू नका अशी खूण) लावायचं असा गूगलचा नियम आहे. तुमच्याकडे स्वतःचे फोटो आहेत ना, रोग पडलेल्या पानांचे फोटो आणि त्याची कारणं असं एक चांगलं पान करा, बागकामाच्या ग्रुपमध्ये कोणी प्रश्न विचारला की नीट उत्तर द्या आणि खरंच उपयोगी असेल तेव्हाच पानाचा पत्ता द्या. तिथल्या लिंका बहुतेक नोफॉलो असतात, पण वाचायला माणसं येतात आणि त्यातलाच कोणीतरी पुढे आपल्या ब्लॉगवरून लिंक देतो. वेळ लागतो पण हेच टिकतं.

फोटोंवरून आठवलं, फोनमधून काढलेला पाच-सहा एमबीचा फोटो तसाच चढवला असेल तर साइट रांगत असणार. आकार लहान करा, वेबपी फॉरमॅट (फोटो हलका ठेवणारा) चालतो. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी असा गूगलचा निकष आहे, पेजस्पीड इनसाइट्सवर (वेग तपासायचं गूगलचं साधन) पत्ता टाकून बघा. पण तिथे शंभरपैकी शंभर आणायच्या मागे लागू नका, ते वाचवलेले तास लिहिण्यात घाला. आल्ट टेक्स्टमध्ये (फोटोला जोडायचं लेखी वर्णन) फोटोत काय आहे ते साध्या वाक्यात लिहा.

हिरवीकुंडी
खालचीओळ, तो चेकबॉक्स खरंच टिक होता!! काढला, सर्च कन्सोल जोडलं, साइटमॅप पण गेला. आता काही पानं 'इंडेक्स्ड' दिसतायत आणि बरीच 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणतायत, हे वाईट आहे का? आणि एसईओच्या प्लगइनमध्ये (वर्डप्रेसला जोडायचं जादा सॉफ्टवेअर) प्रत्येक लेखाला लाल दिवा येतोय, तो हिरवा करत बसू का? शिवाय शब्दवेल यांचं वाचून लक्षात आलं की पाणी घालण्यावर माझे तीन लेख आहेत, थोड्याफार फरकाने तेच.

शब्दवेल
दिव्यांकडे गूगल बघत नाही, तो प्लगइनचा स्वतःचा हिशोब आहे. टायटल राहिलं, डिस्क्रिप्शन राहिलं एवढी आठवण करून द्यायला बरा, पण दिवा हिरवा व्हावा म्हणून चांगलं वाक्य मोडू नका.

तीन लेखांचा एक करा. ज्याच्यात जास्त दम आहे तो पत्ता ठेवा, बाकीच्या दोनांतलं चांगलं त्यात आणा आणि त्या दोन पत्त्यांवरून ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणारी सोय) लावा, फुकटच्या प्लगइनने होतं. नुसते डिलीट केले तर जुन्या लिंकवरून येणाऱ्याला 'पान सापडलं नाही' दिसेल.

खालचीओळ
डिस्कव्हर्ड म्हणजे पत्ता कळलाय, अजून वाचायला आलेले नाहीत. नव्या साइटला हे होतंच, काळजी नको. महत्त्वाची पाच-सहा पानं सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये (एकेका पत्त्याची तपासणी) टाकून रिक्वेस्ट इंडेक्सिंग करा, एकदाच, तेच पान परत परत टाकून लवकर होत नाही. मात्र पुढे 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' असं दिसलं तर बॉट येऊन वाचून गेलाय आणि तरी पान घेतलेलं नाही असा अर्थ, तेव्हा ते पान उघडून बघा, बहुतेक वेळा मजकूर तोकडा असतो किंवा दुसऱ्या पानासारखाच असतो. तुमचे पाण्याचे दोन लेख त्यात सापडले तर मला आश्चर्य वाटणार नाही, म्हणून एकत्र करायचं काम आधी उरका.

बदल दिसायला काही तास ते काही महिने लागू शकतात, तोवर रोज नंबर बघत बसू नका. काही आठवड्यांनी सर्च कन्सोलमधला परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा, कुठल्या शोधांवर तुमचं पान दाखवलं गेलं ते येतं. ज्या शोधावर इम्प्रेशन (पान निकालात दिसल्याची संख्या) भरपूर पण क्लिक जवळजवळ नाहीत ते वेगळे काढा आणि त्या पानांचं टायटल इथे टाका, बसून सुधारू.