मदत हवी आहे : ‘सौम्य’ हायड्रोफ्लोरिक आम्ल मुलांना कसे समजवावे?

नमस्कार. मी सोलापुरात विजापूर रस्त्याच्या भागात घरी अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. क्लोरिनची इलेक्ट्रॉन आसक्ती (इलेक्ट्रॉन स्वीकारताना अणूतून बाहेर पडणारी ऊर्जा) फ्लोरिनपेक्षा अधिक असूनही फ्लोरिनच अधिक प्रबळ ऑक्सिडक (दुसऱ्या पदार्थाचे इलेक्ट्रॉन काढून घेणारा) कसा, असे एका विद्यार्थिनीने विचारले. लहानशा अणूंवरील इलेक्ट्रॉन-जोड्या एकमेकींना दूर लोटत असल्यामुळे फ्लोरिनच्या रेणूतील बंध मोलमागे सुमारे १५८ किलोज्यूल ऊर्जेने तुटतो, क्लोरिनला मात्र २४२ लागतात, शिवाय इवल्या फ्लोराइड आयनाला पाण्याचे रेणू घट्ट वेढतात, हे सांगितल्यावर तिला ते पटले.

अडचण पुढे आली. हायड्रोफ्लोरिक आम्ल काचेवर कोरीवकाम करते, त्वचेतून खोल शिरून शरीरातील कॅल्शियमला जखडते, आणि तरीही पुस्तकात ते ‘सौम्य आम्ल’ आहे. पाण्यात त्याचे विचरण, म्हणजे रेणूंचे आयनांत विभाजन, अल्प होते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पण मराठीत ‘सौम्य’ म्हटले की मुलांना ते निरुपद्रवी वाटते, आणि हा गैरसमज पुढे प्रयोगशाळेत जीवावर बेतू शकतो, याची मला खरोखर काळजी वाटते.

आपल्यापैकी कोणी शिक्षक हा भेद वर्गात कसा स्पष्ट करतात? ‘सौम्य’ऐवजी दुसरा शब्द वापरता का? हायड्रोजन आणि फ्लोरिन यांच्यातील बळकट बंधाचे, फ्लोरिन वायू हाताळावा न लागता दाखवता येईल असे उदाहरणही कृपया सुचवावे.